ससा बोलतो, त्यात बिघडलं काय?

दोन-तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन प्राण्यांचं एखादं गमतीचं चित्रपुस्तक वाचणाऱ्या माणसाला हल्ली दोन्ही बाजूंनी जाब द्यावा लागतो. एकीकडून विज्ञाननिष्ठ मंडळी येतात. ससा बोलतो, अस्वल टोपी घालतं, हत्ती न्हाणीघरात टबात बसतो, हे सगळं खोटं आहे. ज्याला अजून खरं काय ते कळायचंय त्याच्यासमोर खोटं कशाला ठेवायचं? दुसरीकडून संस्कारवाले येतात. बोलू दे ससा, पण बोलून बोलून शेवटी तो सांगतो काय? मुलाने यातून घ्यायचं काय? या दोघांच्या मागे तिसराही एक घाईतला आवाज असतो : तेवढ्या वेळात पानभर अक्षरं गिरवून झाली असती. त्या तिसऱ्याशी वाद घालता येत नाही, कारण ऐकून घ्यायलाही त्याला वेळ नसतो. पहिल्या दोघांशी मात्र घालायला हवा. दोघांची भांडणं वेगळी असली तरी मागणी एकच आहे : या पुस्तकाने काहीतरी शिकवलं पाहिजे. आणि माझं म्हणणं असं की गमतीच्या पुस्तकाला शिकवणीला जुंपूच नये. ते काम त्याला जमत नाही, आणि जे जमतं ते करायला दुसरं कोणी येत नाही.

विज्ञाननिष्ठांना वाटतं तसा त्यांचा आक्षेप नवा अजिबात नाही. १९३१ साली चीनमधल्या हुनान प्रांताचा लष्करी सत्ताधीश हो च्येन याने शिक्षण मंत्रालयाकडे रीतसर तक्रार केली होती. शाळेच्या पुस्तकांत कुत्रा म्हणाला, डुक्कर म्हणालं, बदक म्हणालं असली वाक्यं येतात, मांजरीला बाई, कुत्र्याला दादा आणि बैलाला आजोबा म्हटलं जातं, हे त्याला सहन होईना. जनावराने माणसाची भाषा बोलावी आणि वर माणसाचा मानही घ्यावा, म्हणजे काय! या सेनापतीला चिऊताई, काऊदादा, वाघोबा आणि कोल्होबा यांच्या संगतीत वाढलेल्या एखाद्या मराठी घरी चार दिवस मुक्कामाला ठेवायला हवं होतं.

त्याच्या तीन वर्षं आधी रशियात जे झालं ते जास्त गंभीर होतं. कर्नेय चुकोव्स्की यांची ‘मगर’ ही विनोदी पद्यकथा तिथल्या मुलांना तोंडपाठ होती. शहराच्या रस्त्यावरून सिगारेट ओढत हिंडणारी मगर, दुसरं काय हवं? फेब्रुवारी १९२८ मध्ये ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी तिच्यावर तोफ डागली. क्रुप्स्काया म्हणजे लेनिन यांच्या पत्नी आणि सोव्हिएत शिक्षणखात्यातलं मोठं नाव. त्यांची एक तक्रार अशी होती की मगरीच्या जीवनाची माहिती मिळण्याऐवजी मुलांच्या कानांवर भलतीच असंबद्ध बडबड पडते. पुढे काही वर्षं चुकोव्स्कींच्या पुस्तकांना छापखान्याचं तोंड दिसणं मुश्कील झालं. आपल्याकडे असल्या पुस्तकावर कोणी बंदी घालत नाही. फक्त पुस्तक विकत घेताना पाठीमागचा मजकूर वाचतात आणि ‘यात माहिती काहीच नाही हो’ म्हणून परत ठेवतात.

चुकोव्स्की गप्प बसले नाहीत. ‘दोन ते पाच’ या आपल्या पुस्तकात त्यांनी दिलेलं उत्तर आजही कोणाला खोडता आलेलं नाही. त्यांची मुलगी दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. एक दिवस ती डोळ्यांत खट्याळपणा घेऊन बापाकडे आली आणि म्हणाली की कुत्रा म्याऊ करतो. बापाला क्षणात उमगलं की पोरीने आयुष्यातला पहिला विनोद केलाय. कुत्रा भुंकतो हे तिला पक्कं माहीत झालं होतं, म्हणूनच ते उलटं करण्यात मजा होती. ज्याला कुत्र्याचा आवाज माहीत नाही त्याला हा विनोद करताही येत नाही आणि कळतही नाही.

वाटल्यास घरी करून बघा. वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलाला गाईच्या चित्रावर बोट ठेवून ‘म्याऊ’ म्हणा. ते गंभीरपणे तुमच्याकडे बघेल, कदाचित तेही ‘म्याऊ’ म्हणेल. त्यात हसण्यासारखं त्याला काही नाही. मोठ्या माणसाने सांगितलं, संपलं. काही महिने जाऊ द्या आणि तेच पान पुन्हा काढा. आता आधी कपाळाला आठी पडते. मग नजर चित्रावरून तुमच्या तोंडाकडे येते : आजोबा चुकलेत की थट्टा करतायत? हा निवाडा व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्या चेहऱ्याकडे बघण्यासारखं दुसरं काही नसतं. मग ‘नाऽऽही! हम्मा!’ आणि त्यामागोमाग पोट धरून हसणं. दुसऱ्या दिवशी हेच पोर कोंबड्यावर बोट ठेवून ‘भू भू’ म्हणतं आणि तुमच्याकडे डोळे लावून बसतं. आता पाळी तुमची असते. तुम्ही ‘अगं, कोंबडा भू भू करतो होय?’ असं खोटं खोटं रागावलात तर खेळ रंगतो. ‘नाही बाळा, कोंबडा कुकूच कू करतो’ असं समजावून सांगितलंत तर त्या घरात विज्ञान जिंकतं आणि एक विनोदी माणूस उगवता उगवता राहतो.

म्हणजे हसू हा अज्ञानाचा पुरावा नाही; हसतोय तो ज्याला खरं माहीत आहे तो. टबातला हत्ती पाहून हसणाऱ्या मुलाला हत्ती केवढा आणि टब केवढा, याचा हिशेब बरोबर येतो. त्याची परीक्षा घ्यायचीच असेल तर तो कुठे हसला आणि कुठे नाही हसला, एवढं बघितलं तरी पुरे.

विरोधकांच्या हातात एक खरा पुरावा आहे आणि तो दडवून वाद जिंकण्यात मला रस नाही. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गनेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काही प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. काहींत प्राणी प्राण्यांसारखे होते, काहींत माणसांसारखे बोलत-वागत होते. दुसऱ्या प्रकारची पुस्तकं ऐकणाऱ्या मुलांनी त्या प्राण्यांबद्दलची खरी माहिती कमी उचलली आणि त्यांना माणसाच्या भावभावना जास्त चिकटवल्या. मान्य. पण ते प्राणी कोणते होते? गिनीपिगच्या जातकुळीतली केव्ही, हातांसारख्या परांवर चालणारा एक मासा, मोठ्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिड्या खाणारा एक आफ्रिकी पक्षी. मुलांनी जन्मात न पाहिलेले. अनोळखी प्राण्याची पहिली ओळख करून द्यायची असेल तर त्याला कोट-टोपी घालू नका, हा धडा रास्त आहे आणि माहितीच्या पुस्तकांनी तो जरूर गिरवावा. पण कोंबडी, मांजर, गाय, माकड, उंदीर यांची ओळख मुलाला आधीच झालेली असते. घरातल्या मनीला चष्मा लावलेला चालतो तो त्यामुळेच.

खोट्यापासून मुलाला दूर ठेवायचा प्रयोगही होऊन गेलेला आहे. बालशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या एका रशियन आईने आपल्या मुलाला परीकथा नि बोलणारे प्राणी यांचा वारासुद्धा लागू दिला नाही, आणि त्याच्या वाढीची रोजनिशी ठेवली. ती रोजनिशी चुकोव्स्कींच्या हाती लागली. काय होतं तिच्यात? मुलाच्या खोलीत एक लाल हत्ती राहायला आला होता. एक अस्वलही होतं, त्याला नावही होतं, आणि ते जिथे बसलंय त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही अशी घरातल्यांना ताकीद होती. बाजारातून आणला नाही म्हणून मुलाने हत्ती घरीच तयार केला.

मारिया मॉन्टेसरींनाही लहानग्यांसाठी कल्पित कथा फारशा पसंत नव्हत्या, याची त्यांचं नाव घेणाऱ्या शाळा अधूनमधून आठवण करून देतात. त्यांना मी गिजुभाई बधेकांची आठवण करून देईन. १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू करणारे, मॉन्टेसरींना मानणारे, ताराबाई मोडकांचे सहकारी गिजुभाई. या माणसाने लोककथांमधून मुलांच्या गोष्टींचा ढीग गोळा केला आणि त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक दंगा करणारा वर्ग हाती येईना तेव्हा काय करतो, तर गोष्ट सांगायला बसतो. गुरूचं सगळं घेतलं, एवढं सोडून.

आता संस्कारवाले. यांचा पक्ष वरवर जास्त भक्कम दिसतो, कारण त्यांच्या पाठीशी पंचतंत्र उभं असतं. आपल्या परंपरेत प्राण्यांच्या गोष्टी नीती शिकवण्यासाठीच आहेत, असं ते ठासून सांगतात. त्यांनी पंचतंत्र शेवटचं कधी वाचलं, हे विचारावंसं वाटतं. पहिलंच तंत्र ‘मित्रभेद’. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची जिवाभावाची मैत्री. दमनक नावाचा कोल्हा दोघांच्या कानात विष ओततो, सिंहाच्या हातून बैल मारवतो, वर शोक करणाऱ्या सिंहाची समजूतही काढतो आणि मजेत मंत्रिपद भोगतो. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. ही नीती आहे ती राजकारणातली. बालवाडीच्या भिंतीवर लावायची नव्हे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने या कथा पहलवीवरून अरबीत नेल्या, तेव्हा त्यालाही हा शेवट पचला नाही. त्याने पदरचं एक प्रकरण घातलं : कोल्ह्यावर खटला चालतो आणि त्याला शासन होतं. तात्पर्य चिकटवण्याची खोड बाराशे वर्षं जुनी आहे, हे कबूल. पण तात्पर्य मागाहून चिकटवलेलं आहे, हेही मग कबूल करावं लागेल.

आणि पंचतंत्र राहू द्या. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी घ्या. उंदराला चिंधी सापडते. तो धोब्याला, शिंप्याला धमकावून टोपी शिवून घेतो, ढोलकं बडवत राजाच्या नाकासमोर मिरवतो. राजाने टोपी हिसकावली तर राजा भिकारी ठरतो आणि परत दिली तर भित्रा ठरतो. यातून मुलाने काय संस्कार घ्यायचा? सरकारी कामं दमदाटीने करून घ्यावीत? भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी वाघाला सरळसरळ फसवते. दाराशी भिजत उभ्या असलेल्या कावळ्याला चिमणी एकामागून एक सबबी सांगत ताटकळत ठेवते आणि मुलं प्रत्येक सबबीला खिदळतात. या गोष्टी शतकानुशतकं टिकल्या त्या त्यांच्या शेवटी तात्पर्य होतं म्हणून नव्हे. एवढासा जीव मोठ्याची फजिती करतो, आणि ऐकणाराही एवढासाच असतो.

संस्कारवाल्यांनी जरूर वाचावा असा दुसरा प्रयोगही टोरांटोचाच, २०१७ सालचा. वाटून घ्यावं, हे शिकवणारी एक चित्रकथा घेतली. एका आवृत्तीत रॅकून आणि इतर प्राणी कपडे घालून वावरत होते, दुसरीत तीच गोष्ट माणसांची केली होती. चार ते सहा वर्षांच्या मुलांना यांतलं एक किंवा बियांवरचं भलतंच पुस्तक वाचून दाखवलं आणि मग बघितलं की आपल्या वाट्याच्या स्टिकर्समधले किती ती दुसऱ्या मुलासाठी ठेवतात. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं अधिक उदार झाली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेली झाली नाहीत. बियांचं पुस्तक ऐकलेल्यांसारखीच ती आधीपेक्षा जरा हात आखडून वागली. ही बातमी तेव्हा ‘प्राण्यांच्या गोष्टी निरुपयोगी’ अशा थाटात सगळीकडे फिरली. मला मात्र ती वाचून त्या रॅकूनचा फार अभिमान वाटला. त्याच्या तोंडी प्रवचन घातलं आणि मुलांनी ते ऐकून सोडून दिलं, यात त्याचा काय दोष? नापास झाली ती प्राण्याला कीर्तनकार करण्याची युक्ती. वाटून घ्यायला शिकवायचंच असेल तर माणसांचं पुस्तक आणा, किंवा त्याहून सोपं म्हणजे मुलासमोर स्वतः वाटून खा.

आमच्याच बाजूचे काही वकीलही मला नकोसे झालेत. चित्रपुस्तकाने शब्दसंग्रह वाढतो, एकाग्रता वाढते, पुढे गणित सुधारतं, असं ते सांगत सुटतात. यातलं काही खरं असतं. जेसिका हॉर्स्ट यांनी इंग्लंडमध्ये २०११ साली दाखवलं की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं, तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणाऱ्या मुलांपेक्षा ते चांगले उचलतात. रोज रात्री ‘तेच पुस्तक’ म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाच्या आईला तेवढा दिलासा पुरेल. पण हा फायदा पुढे करून पुस्तकाचं समर्थन करणं म्हणजे उद्या शब्द वाढवणारं एखादं यंत्र आलं तर पुस्तक अडगळीत टाकायची तयारी ठेवणं. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ कोणी शब्दसंग्रहासाठी वाचली?

या पुस्तकांना जमतं ते काय, हे एकाच पुस्तकात दाखवतो. पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’, १९६८ सालचं. संपूर्ण मजकूर इंग्रजीत एक वाक्य, बत्तीस शब्दांचं. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते : अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या, आणि जेवायच्या वेळेला घरी. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे आणि त्याचा शब्दांत कुठेही उल्लेख नाही. तो झेप घेतो तो दाताळ्यावर. दांडा उसळून नाकावर बसतो. पुढची झेप तळ्यात, त्याच्या पुढची गंजीत. गिरणीपाशी रोझीच्या पायात दोरी अडकते आणि पिठाचं पोतं कोल्ह्याच्या डोक्यावर रिकामं होतं. शेवटी तो एका गाडीत कोसळतो, गाडी घरंगळत पेट्यांवर आपटते आणि मधमाश्या त्याला पळता भुई थोडी करतात. रोझीने मागे वळून एकदाही पाहिलेलं नसतं.

हे पुस्तक वाचून दाखवणाऱ्याची गंमत बघा. तो सरळ चेहऱ्याने शब्द वाचतोय. कोंबडी फिरायला गेली, तळ्याला वळसा घातला. शेजारचं तीन वर्षांचं पोर मात्र ओरडतंय, ‘कोल्हा! अगं मागे बघ! कोल्हा!’ ज्याला वाचता येत नाही त्याला गोष्टीतली खरी बातमी आहे आणि ज्याला वाचता येतं तो जणू आंधळा. वाचणारा मुरलेला असेल तर तो आणखी पुढे जातो : ‘कुठला कोल्हा? इथे तर लिहिलेलं नाही.’ मग ते पोर पुस्तक ओढून घेतं, बोट टेकवून टेकवून दाखवतं आणि मोठ्या माणसाच्या अज्ञानाची कीव करतं. दिवसभर त्याला सगळे सांगत असतात : हे धर, ते ठेव, सांडू नको, पळू नको. या पानांपुरतं ते सांगणारं होतं. मो विलेम्स यांच्या २००३ सालच्या पुस्तकातलं कबूतर बस चालवू दे म्हणून गयावया करतं तेव्हाही हेच होतं; ‘नाही’ म्हणायचा अधिकार मुलाकडे असतो आणि तो ते किती चवीने वापरतं! एरवी ‘नाही’ फक्त त्याने ऐकायचं असतं.

आणि हे हसणं एकट्याचं नसतं. एकाच पानाकडे बघून, एकाच क्षणी, सत्तरीची आजी आणि तीन वर्षांची नात एकाच कारणाने हसतात असे प्रसंग घरात किती येतात? टीव्हीसमोर दोघी शेजारी बसतात, पण पान उलटायला थांबायचं किती, हे टीव्ही ठरवतो. इथे नात ठरवते.

एक आक्षेप मात्र मी विरोधकांनी घ्यायच्या आधी घेतो : बाजारातली बरीचशी प्राण्यांची ‘गमतीची’ पुस्तकं गमतीची नसतात. गुळगुळीत कागद, भडक रंग, सगळ्या प्राण्यांना एकाच साच्यातले मोठ्ठे डोळे आणि पापण्या, आणि विनोद म्हणून जाड्या हत्तीला जाड्या म्हणणं किंवा काळ्या कावळ्याला दुष्ट ठरवणं. अशा हसण्यात मुलाला फार लवकर कळतं की वर्गातल्या कोणाला हसायचं. असली पुस्तकं आणू नयेत. भाषांतरंही अनेकदा सरकारी परिपत्रकासारखी वाचावी लागतात. तिथे छापलेलं बाजूला ठेवून चित्र बघून आपल्या बोलीत सांगावं, पुस्तक कुरकूर करत नाही. पण ‘मराठीत मिळतंच काय’ ही सबब आता चालणार नाही. ज्योत्स्ना प्रकाशन आहे, तूलिकाची मराठी पुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून फुकट वाचता येतं.

या प्रकाशकांना, आणि त्यांच्या पुस्तकांवर कृतिपत्रिका काढणाऱ्या शाळांना, एकच विनंती. पुस्तकाच्या शेवटी ‘चला विचार करू या’ म्हणून जे पान असतं, कोंबडीला काय वाटलं असेल, कोल्ह्याचं काय चुकलं, तुम्ही असता तर काय केलं असतं, ते काढून टाका. हसून दमलेल्या मुलाला लगेच तोंडी परीक्षेला उभं करायची गरज नाही. कागद आधीच महाग आहे. त्या पानावर चित्रकाराला कोल्ह्याला आणखी एकदा पाडू द्या.